साडेएकतीस अपोस्टिल्ब

विनोदिनीच्या उजव्या डोळ्याला दीड वर्षापूर्वी जेवढे दिसत होते त्याहून आता अधिक दिसत होते.

म्हापशाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नजरेच्या चाचणीचा पुण्याचा जुना कागद आणि आपल्या यंत्राचा नवा कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि पेनाच्या टोपणाने दोन आकड्यांवर एकेकदा टकटक केले. जुन्यात सरासरी सतरा डेसिबेल, नव्यात सव्वीस. आकडा जितका मोठा तितका अंधुक ठिपका डोळ्याने टिपला, एवढे कृष्णनाथला सांगावे लागत नव्हते. "काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही," बाई म्हणाल्या. "तेव्हा यातला एक कागद खोटं बोलतोय. जुना खरा असला तर मला ऑपरेशन करावं लागेल, आणि लवकर. नवा खरा असला तर थेंबांवर भागतंय. उगाच चाकू लावून आहे ती नजर मी धोक्यात घालणार नाही. सोमवारी पुन्हा चाचणी घेऊ, मग ठरवू." विनोदिनीचा डावा डोळा लहानपणापासून आळशी, संसाराचा सगळा कारभार उजव्यावर चाललेला. ती ज्या डोळ्याबद्दल बोलणे चालले होते त्याच डोळ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या मोराकडे पाहत होती. जिना उतरताना कृष्णनाथने सवयीने तिचा दंड धरला. ती म्हणाली, "दिसलं तर दिसूं दे मगे! त्यात तोंड उतरण्यासारखं काय आसा? कमी दिसलं तेव्हासुद्धा तुमचं तोंड अस्संच होतं."

तोंड तसेच होते हे खरे. कृष्णनाथची तीस वर्षे पुण्याच्या एका प्रयोगशाळेत उजेड मोजणारी उपकरणे तपासण्यात गेली होती, आणि त्या धंद्यात वाईट आकड्यापेक्षा चांगल्या आकड्याला जास्त घाबरायचे असते. वाईट आकडा आला की माणूस आपण होऊन उपकरण उघडतो, तारा पाहतो, भिंग पुसतो. चांगला आकडा आला की चहा मागवतो. त्यामुळे जगातल्या बहुतेक चुका चांगल्या आकड्यांच्या पोटात सुखाने म्हाताऱ्या होतात, असे तो हाताखालच्या मुलांना सांगत असे. असनोड्याच्या पुलावर गाडी आली तेव्हा विनोदिनीने काच खाली केली. नदीवर दुपारचे ऊन पडले होते. ती डोळे बारीक करून पाण्याकडे बघू लागली आणि कृष्णनाथच्या मनात आपोआप आले की चमकत्या पाण्याची दीप्ती वीस हजारांच्या घरात असेल, शेजारच्या झाडाच्या सावलीची पाचशे. दीप्ती म्हणजे एखाद्या पृष्ठभागावरून डोळ्याच्या दिशेने येणारा उजेड. "म्हणजे किती उजळ दिसतं ते," असे लोक त्याला समजावून देत आणि तो दर वेळी अडवत असे. दिसणे ही पुढची गोष्ट. दीप्ती येते तेवढी येते, कोणी पाहो न पाहो. येणे आणि दिसणे यांच्यामध्ये एक माणूस बसलेला असतो, आणि त्या माणसाचे कॅलिब्रेशन कोणी केलेले नसते. हे वाक्य त्याने निवृत्तीच्या समारंभात म्हटले होते. टाळ्या पडल्या होत्या. पहिल्या रांगेत विनोदिनी बसली होती, आणि तेव्हाही तिचा उजवा डोळा थोडा थोडा जात होता व दोघांनाही ते ठाऊक नव्हते.

सर्वण गावातले घर निवृत्तीनंतर नीट करून घेतलेले. मागे चाळीसेक पोफळी, पुढे सोपो, म्हणजे बसायचा बांधीव बाक, घातलेला ओटा. पुण्याचा अहवाल हातात घेऊन जो माणूस या घरात राहायला आला त्याने पहिल्या महिन्यात घराचा उजेड बदलून टाकला. पायऱ्यांच्या कडांवर पांढरी पट्टी आली, न्हाणीत चौकटीभोवती दिव्यांची माळ, स्वयंपाकघराच्या ओट्यावर तीन दिवे; ते असे बसवलेले की विळीवर हाताची सावली पडू नये. प्रयोगशाळेने नवी एकके स्वीकारली तेव्हा मोडीत काढलेला एक दीप्तिमापक कृष्णनाथने मागून घेतला होता. बिडाच्या देहाचा, काट्याचा, फूट-लँबर्टमध्ये बोलणारा. तो डोळ्याला लावून त्याने ओटा, मोरी, तुळशीचा कठडा, देवघराचा उंबरठा, सगळे मोजले होते. काटा फूट-लँबर्ट सांगे, कृष्णनाथ मनातल्या मनात तीन पूर्णांक चारशे सव्वीस सहस्रांशाने गुणी आणि नीट या दीप्तीच्या नव्या एककात ऐके. हे करताना त्याला एक समाधान मिळत असे, जसे परगावी आपल्या बोलीत बोलणारा भेटावा. शेजारचा गोकुळदास पहिल्या संध्याकाळी कुंपणाशी येऊन उभा राहिला होता. "कृष्णनाथबाब, विमान केन्ना उतरतलें?" त्याने विचारले होते. विनोदिनी ओट्यावरून ओरडली होती, "उतरून गेलां, तुमी जेवत आशिल्लात!" पण तिने एकही दिवा बंद केला नाही. तिन्हीसांजेनंतर ती एकटी बाहेर पडेनाशी झाली. स्कूटर तिने भाचीला देऊन टाकली. कृष्णनाथने या कशाचा हट्ट धरला नव्हता. त्याने फक्त आकडे सांगितले होते.

त्या दुपारी जेवण झाल्यावर त्याने दोन्ही कागद खिडकीच्या उजेडात धरले, आणि पहिली गोष्ट त्याला पाच मिनिटांत सापडली. डेसिबेल हा आकडा स्वतःच्या पायावर उभा राहणारा नाही. तो यंत्राच्या सर्वांत तेजस्वी ठिपक्यापासून खाली मोजतात. पुण्याच्या यंत्राचा तो ठिपका चार हजार अपोस्टिल्बचा होता; अपोस्टिल्ब हे दीप्तीचे जुने एकक. म्हापशाच्या यंत्राने आपला आकडा नव्या एककात दिला होता, तीन हजार एकशे त्र्याऐंशी नीट. वरवर पाहणाऱ्याला वाटावे की नवे यंत्र जरा मंदच आहे. पण एक नीट म्हणजे तीन पूर्णांक चौदा शतांश अपोस्टिल्ब. गुणाकार केला की ते दहा हजार होतात. नवे यंत्र अडीचपट वरून मोजायला सुरुवात करत होते. अडीचपट म्हणजे चार डेसिबेल. पुण्याचे सतरा हे म्हापशाचे एकवीस. नऊंतले चार डेसिबेल विनोदिनीच्या डोळ्याचे नव्हतेच.

राहिले पाच. पाच डेसिबेल म्हणजे तीन पूर्णांक सोळापट. त्याने आकडा पुन्हा पाहिला. π चे डेसिबेल केले तर चार पूर्णांक सत्त्याण्णव येतात. तो उठून मागच्या दारी गेला, पोफळींकडे पाहत उभा राहिला. π त्याला आयुष्यभर याच वाटेवर भेटत आला होता. ज्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर एक लक्स उजेड पडतो तिची दीप्ती एक अपोस्टिल्ब. जुन्या लोकांनी π एककाच्या पोटात घालून ठेवला होता, म्हणजे रोजच्या हिशेबात त्याचे तोंड पाहावे लागू नये. नव्यांनी शिस्त म्हणून त्याला बाहेर काढला, आणि तेव्हापासून तो दर भिंतीपाशी उभा असतो. किती कारखान्यांत, किती चित्रपटगृहांत, किती शस्त्रक्रियागृहांत कोणीतरी त्याला एकदा जास्त किंवा एकदा कमी धरले होते, आणि कृष्णनाथने जाऊन तो सोडवून आणला होता. आता दवाखान्यात यंत्र मांडताना कोणी घाईत दहा हजार हा आकडा अपोस्टिल्बऐवजी नीटच्या खान्यात भरला असला, तर ठिपका सांगितल्यापेक्षा π पट तेजस्वी पडणार, रुग्णांना तो लवकर दिसणार आणि प्रत्येकाच्या खात्यात पाच डेसिबेल फुकट जमा होणार. चार अधिक पाच, नऊ. हिशेब इतका चपखल जुळला की त्याला तो नकोसा झाला. कारण हिशेब जुळणे याचा अर्थ पुण्याचा कागद खरा, डोळा तितकाच गेलेला, आणि सोमवारनंतर ऑपरेशन.

आत विनोदिनी वालीची भाजी निवडत होती. निवडताना तिची बोटे पाहत आणि डोळे दूरदर्शनवर असत. पुण्याच्या पहिल्या अहवालानंतर कृष्णनाथला ही गोष्ट एकाएकी भयंकर वाटू लागली होती, जणू बोटांनी तयारीच सुरू केली आहे. तिच्या वडिलांचे, सगुण गुरवांचे, तसेच झाले होते. पेडणे महालातल्या एका आडगावच्या देवळात ते पूजेला असत. कृष्णनाथ लग्न ठरवायला गेला तेव्हा त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे, म्हणजे चेहऱ्याच्या किंचित डावीकडे, पाहून स्वागत केले होते, आणि पाण्याचा तांब्या त्याच्या हातात न देता मेजावर ठेवला होता. विनोदिनीने तो उचलून त्याला दिला होता. तेव्हा कृष्णनाथने तिला पहिल्यांदा नीट पाहिले. गडद, सरळ नजर. एखादी गोष्ट पाहिली की तिच्यावर सही केल्यासारखी. या नजरेच्या मुलीला आपण खोटे बोलू शकणार नाही असे त्याला वाटले होते, आणि तो ते पुढे अभिमानाने सांगत असे. पुण्याच्या चाचणीचा पहिला कागद आला तेव्हा नजर किती गेली हा आकडा वाचण्याआधी त्याला दुसरा आकडा दिसला होता. यंत्र मधूनमधून ठिपका न दाखवताच नुसता आवाज करते आणि माणूस उगाच बटण दाबतो का ते पाहते. विनोदिनीचे खोटे होकार शून्य होते. त्या वाईट दिवशी, रिक्षाच्या आवाजात, तो तिला म्हणाला होता, "एकसुद्धा नाही, विनू. शून्य. असं माणूस मी तीस वर्षांत बघितलं नाही." ती हसली होती. पुढच्या चाचणीतही शून्य होते. नजर मात्र आणखी दोन डेसिबेलने उतरून सतरावर आली होती.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच म्हापशाला गेला. पिशवीत दीप्तिमापक होता. चाचणीच्या खोलीत सिद्धी नावाची मुलगी होती, पंचविशीची, केसांत अबोलीचा गजरा. तिने पिशवीतले यंत्र पाहून विचारले, "काका, हें कितें? खाणीतलें?"

"उजेड मोजतं ते. तुझ्या यंत्राचा मोजायचाय. डॉक्टरांना विचारून आलोय."

"मोजा मगे. म्हज्या यंत्राचें पोट दुखता अशें कोणे सांगलें?"

"अजून कोणी नाही."

यंत्राच्या पांढऱ्या अर्धगोलात, जिथे रुग्ण पाहतो तिथे, त्याने मापकाचे भिंग घातले. पार्श्वभूमी साडेएकतीस अपोस्टिल्ब असायला हवी. जगातल्या अशा बहुतेक यंत्रांत ती तेवढीच असते. काटा थरथरला आणि तीनच्या किंचित अलीकडे स्थिरावला. दोन पूर्णांक नऊ फूट-लँबर्ट. त्याने फूट-लँबर्टचे नीट केले, नीटचे अपोस्टिल्ब केले. एकतीस पूर्णांक दोन. मापकाच्या वयाला शोभेल इतकाच फरक. मग त्याने सिद्धीला सर्वांत तेजस्वी ठिपका धरून ठेवायला सांगितले. दहा हजार नीट असते तर काटा पट्टीबाहेर गेला असता. तो नऊशे पंचवीसवर थांबला. नऊशे पंचवीस फूट-लँबर्ट म्हणजे तीन हजार एकशे सत्तरच्या आसपास नीट, म्हणजे दहा हजार अपोस्टिल्बला जरा कमी. यंत्र खरे बोलत होते. π निर्दोष सुटला होता.

"कितें मेळ्ळें?" सिद्धीने विचारले.

"काही नाही."

"बरें न्हय तें?"

"अजून कळलं नाही." मग त्याने विचारले, "तुला माझी बायको आठवते? सर्वणची. काल आली होती."

"विनोदिनीकाकी? आठवता तर. आदीं भियेली. बटण अशें धरून बसलेली, जणू बाँबचें." सिद्धी हसली. "मग बरी खेळली."

परतताना कृष्णनाथला हलके वाटायला हवे होते. तसे वाटले नाही. एककाने चार डेसिबेल नेले होते. उरलेले पाच आता कोणाच्याच मालकीचे नव्हते. डोळा सुधारला म्हणावे तर आजाराच्या स्वभावात ते बसत नाही. थेंबांचा गुण म्हणावा तर थेंब नजर टिकवतात, आणून देत नाहीत. गावात कोणी विचारले असते तर देवाने दिले असे उत्तर मिळाले असते, आणि कृष्णनाथच्या मनात त्या उत्तरासाठी कप्पाच नव्हता. त्याला भीती वाटत होती ती दुसऱ्याच गोष्टीची. सोमवारी पुन्हा चाचणी होईल, आकडा एकवीस येईल, आणि बाई म्हणतील की सव्वीस हा अपघात होता. त्या पाच डेसिबेलवर त्याचा जीव जडला होता हे त्याला थिव्याच्या वळणावर कळले, आणि एखाद्या तपासनिसाने तपासण्याच्या वस्तूवर जीव जडवावा याची त्याला थोडी लाज वाटली.

त्याने घरी यंत्र बनवायचे ठरवले. आतल्या खोलीच्या खिडक्या त्याने गोधड्या टांगून बंद केल्या, भिंतीवर धुतलेली पांढरी चादर ताणून लावली आणि एका दिव्यावर बटरपेपरचे थर चढवत नेले, काटा दोन पूर्णांक त्र्याण्णववर येईपर्यंत. साडेएकतीस अपोस्टिल्ब. चादरीच्या मध्यावर काळा ठिपका काढला. ठिपका टाकायला विजेरी घेतली, तिच्या तोंडावर भोक पाडलेला पुठ्ठा आणि पुढे राखी पट्ट्या, एक, दोन, तीन. विनोदिनी दारात कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"हे काय, नाटक आसा काय? पडदा लावलाय."

"बस इथे. काळ्या ठिपक्याकडे बघ. दुसरीकडे उजेड दिसला तर हो म्हण."

"आणि भाजी करपली तर?"

"गॅस बंद केलाय मी."

ती बसली. डाव्या डोळ्यावर त्याने तिचाच रुमाल बांधला. रुमालाला खोबरेल तेलाचा आणि कसल्याशा फुलाचा वास होता. त्याने ठिपका वर टाकला. "हो." उजवीकडे टाकला. "हो." एक पट्टी चढवली. "हो." दुसरी चढवली, खाली उजवीकडे टाकला. ती गप्प राहिली. "दिसला?" "ना." त्याने जागा बदलली. "ना." तिसऱ्या वेळीही ना. कृष्णनाथने मान हलवली. पुण्याचा कागद याच खोलीत, याच चादरीवर पुन्हा छापला जात होता. नकारांचा आकार तोच होता. तिच्या शेजारी, तिच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर बसून तो विजेरी फिरवत होता, आणि म्हणून जे त्याला पुण्याच्या बंद खोलीबाहेरच्या बाकावरून कधीच दिसले नसते ते दिसले. उजेड पडला की तिचा श्वास थांबत होता. मग "ना" येई आणि श्वास सुटे.

त्याने विजेरी हातानेच झाकून बटणाचा नुसता आवाज केला. "ना." श्वास चालूच. पुन्हा फसवा आवाज. श्वास चालू. उजेड टाकला. श्वास थांबला. "ना." त्याने हे इतक्यांदा केले की ती कंटाळली. शेवटी शंकेला जागा उरली नाही, आणि शंकेला जागा उरली नाही असे त्याला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटले होते.

"विनू, तू श्वास धरतेस."

"कोण, मी?"

"उजेड पडला की धरतेस. नसला की नाही धरत. आणि तोंडाने ना म्हणतेस."

तिने रुमाल वर सरकवला आणि दोन्ही डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिले. "मग काय म्हणू? दिसल्यासारखं होतं. दिसलंच असं नाही. तसल्याला हो कसं म्हणायचं?"

"दिसल्यासारखं झालं तर ते दिसलंच की."

"हे तुम्ही सांगताय?" ती म्हणाली. "तुम्ही? हळदणकरांच्या बागेत बिबटो दिसला म्हणून मी सांगितलं तेव्हा तीन दिवस मला विचारत होतात, शेपूट बघितलंस काय, ठिपके बघितलेस काय."

तो हसला नाही, कारण उत्तर आपल्यापाशीच येऊन थांबते की काय असे त्याला वाटू लागले होते. रिक्षातले ते शून्याचे कौतुक त्याला आठवले. "माझ्यामुळे? मी पुण्याला शून्य शून्य केलं म्हणून?"

"अहो, तुमचं काय घेऊन बसलात! तुम्ही आलात केव्हा माझ्या आयुष्यात? मी तेवीस वर्षांची होते." तिने पाय वर घेतले. उजेड तिच्या गालावर तिरपा पडला होता, दोन नीटहून जास्त नसेल. "पाकळ्यांचं तुम्हांला सांगितलंय ना मी? सांगितलंय, पण तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करता. देव म्हटला की तुमचे कान बंद."

तिने सांगितले होते. त्याने ऐकले होते आणि अंधश्रद्धेच्या कप्प्यात ठेवून दिले होते. त्या देवळात लोक प्रश्न घेऊन येत. मुलीचे लग्न, जमिनीचा तंटा, बोट घ्यावी की नको. देवाच्या मूर्तीवर पाण्याने फुलांच्या पाकळ्या चिकटवत आणि वाट पाहत. उजवी पडली तर कौल, डावी पडली तर नाही. सगुण गुरव गाऱ्हाणे घालीत. पण गाभाऱ्यात समयांचा मंद उजेड, आणि त्यांना तर समोरचा माणूसही अर्धा दिसे. गावाला हे बाहेरून माहीत नव्हते, आतून सर्वांना माहीत होते. त्यांची मुलगी चौकाच्या खांबाशी बसे. ती त्यांची नजर होती.

"देवाच्या तोंडाकडे बघायचं," विनोदिनी म्हणाली. "पाकळीकडे नाही. एका पाकळीकडे बघत बसलं की दुसरी पडते आणि तुम्हांला कळत नाही. तोंडाकडे बघितलं की कडेला हाललेलं सगळं दिसतं. बाबा विचारायचे, 'पडली काय गो?' आणि एकदा, मी असेन आठ-नवाची, समईची वात फडफडली आणि मला वाटलं पडली. मी म्हटलं, पडली. कोणाचं तरी लग्न होतं ते. बाबांनी हात लावून बघितला तर पाकळी तिथंच. सगळ्यांसमोर काही बोलले नाहीत. घरी येऊन म्हणाले, 'बाय, देवाचें मुखार संशय आसल्यार पडूंक ना म्हणपाचें. पडिल्ली पाकळी परत दिसता. न पडिल्ली पडली म्हटल्यार कोणाचें तरी आयुश्य तेच वाटेन वता.' त्यानंतर माझ्या तोंडून कधी खोटी पाकळी पडली नाही."

कृष्णनाथ चादरीकडे पाहत होता. मध्ये काळा ठिपका, भोवती मंद समान उजेड, कडेला क्षणभर काहीतरी हलणार आणि एक माणूस खात्री असेल तरच हो म्हणणार. हीच चाचणी. पडलेली पाकळी नंतर दिसते. यंत्राचा ठिपका पाव सेकंदात जातो आणि परत दिसत नाही, एवढाच फरक. ती त्याच नियमाने पुण्यात बसली होती. घाबरली तशी आणखी कडक झाली होती. कारण डॉक्टरांना खोटे सांगितले तर भलत्याच वाटेने आयुष्य जाईल असे तिला वाटले, आणि ज्या वाटेने जाऊ नये म्हणून ती गप्प राहिली त्याच वाटेने ते चालले होते.

"मग परवा म्हापशाला हो कसं म्हणालीस?"

"त्या पोरीनं," विनोदिनी म्हणाली. "मी बटण धरून बसले तर म्हणाली, काकी, ही तुमची परीक्षा न्हय. हांगा कोण पास ना, कोण नापास ना. भास जालो तरी दाब, चुकलें तर यंत्र सांभाळून घेता. मी म्हटलं, देवाचें न्हय मगे हें? ती म्हणाली, न्हय गो काकी, कंपनीचें. मग दाबलं." तिने रुमाल सोडला आणि घडी घातली. "दाबल्यावर बरं वाटलं. खरंच सांगते. इतकं कधी कोणाला हो म्हटलं नव्हतं."

कृष्णनाथने कागद आणून पाहिला. खोटे होकार सहा टक्के. आकडा पहिल्या दिवसापासून तिथे होता. त्याने तो पाहिला होता आणि मनात किंचित खट्टू झाला होता, विनूचे शून्य गेले म्हणून. सहा टक्के म्हणजे चाचणी विश्वासार्ह. पंधराच्या वर गेले असते तर शंका घ्यायची. शून्याची शंका घ्यावी असे त्याला कोणी शिकवले नव्हते, आणि शिकवणारा तोच होता.

सोमवारी त्याने डॉक्टरीणबाईंना सगळे सांगितले. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "पाकळ्या?" मग म्हणाल्या, "दोनदा घेऊ." पहिल्या खेपेला सिद्धीने विनोदिनीला सांगितले की खात्री असेल तरच दाबा. अर्धा तास विश्रांती दिली, चहा दिला, आणि दुसऱ्या खेपेला सांगितले, काकी, भास जालो तरी दाब. बाहेरच्या बाकावर कृष्णनाथ बसला होता. दाराच्या फटीतून तिची पाठ दिसत होती आणि अर्धगोलाची पांढरी कड. ती देवाच्या तोंडाकडे पाहत असणार, हे त्याला आता माहीत होते.

पहिल्या खेपेला एकवीस. दुसऱ्या खेपेला सव्वीस.

"थेंब चालू ठेवा," बाई म्हणाल्या. "ऑपरेशन नको. सहा महिन्यांनी या, आणि याच पोरीच्या हातून चाचणी करा."

परत येताना असनोड्याला पोदेराकडे गाडी थांबवून विनोदिनी स्वतः उतरली आणि पाव घेऊन आली. रस्ता ओलांडताना तिने दोन्हीकडे पाहिले. कृष्णनाथ गाडीतच बसून राहिला. त्याला तेवढे जमले. संध्याकाळी घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या ओट्यावरच्या तीन दिव्यांपैकी एक विनोदिनीने बंद केला, आणि कृष्णनाथने मापक काढला नाही. गोकुळदास कुंपणापलीकडून म्हणाला, "विमानतळ बंद जालो?" "डोमेस्टिक चालू आसा," ती म्हणाली.

डोळा सुधारला नव्हता. दीड वर्षापूर्वीही विनोदिनीला जवळजवळ इतकेच दिसत होते. फरक नऊ डेसिबेलचा होता. त्यांतले चार दोन यंत्रांच्या सर्वांत तेजस्वी ठिपक्यांमधले, नीटचे अपोस्टिल्ब करून पाहिले की उलगडणारे. उरलेले पाच असे, की खात्री नसलेल्या उजेडाला ती पुण्यात नाही म्हणत होती, आणि म्हापशात हो म्हणाली.